खिंडीतला दिवा कोण लावतं

(लाम्ब्रोसच्या गॅरेजमागचं आवार. मोटरसायकल आडवी पडलेली. झीसीससुद्धा.)

लाम्ब्रोस : उठ आता. सकाळपासून जमिनीचे इतके मुके घेतलेस, की संध्याकाळी तिच्या घरचे लग्नाची बोलणी करायला येतील.

झीसीस : हात दे.

लाम्ब्रोस : हात मिळणार नाही. क्लबचा कायदा आहे. ज्याला स्वतःची पडलेली गाडी एकट्यानं उभी करता येत नाही, तो शनिवारी डोंगरात येत नाही. पाठ गाडीला लाव. एक हात हँडलला, एक सीटखाली. आता ढुंगणानं रेटत उभा राहा. देवानं तुझ्या डोक्यावरचं काढून तिकडं भर घातलीये, ती वापर की.

झीसीस : कमरेत लोखंड आहे माझ्या.

लाम्ब्रोस : मग काय, तू आणि गाडी एकाच भंगारातले. रेट. अजून. अजून थोडं... गेली परत.

झीसीस : क्लच सोडला की पळते. धरून बसलं की मरते.

लाम्ब्रोस : मरत नाही, बंद पडते. बंद पडलेलं परत सुरू होतं, त्यात घाबरायचं काय? बस जरा त्या टायरवर. श्वास घे. चौपन्नाव्या वर्षी लोक गुडघ्यांना तेल चोळतात, हा गुडघ्यांना ढाली बांधून फिरतोय.

झीसीस : ढाली तूच दिल्यास.

लाम्ब्रोस : दिल्या, कारण मला वाटलं दोन दिवसांत खूळ उतरेल. ऐक कुंबारे. तुझ्या लग्नात तुम्हा दोघांच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल केले ते मी. कुंबारो म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा, म्हणून सांगतो. यंदा राहू दे. सोमवारी पवित्र आत्म्याचा सण. तू आपला बसनं खालून वळसा घालून पलीकडच्या कारिया गावच्या जत्रेला जा, बकरा हाण, क्लॅरिनेट ऐक. आम्ही दोन दिवस चिखल खात तिथंच पोचतोय. रात्री एका टेबलावर बसू.

झीसीस : बस खिंडीतनं जात नाही.

लाम्ब्रोस : खिंडीतनं आता काहीच जात नाही. पुरानं रस्ता नेला. शेळ्या जातात आणि आमच्यासारखे येडे जातात.

झीसीस : म्हणून तर शिकतोय.

लाम्ब्रोस : पण आहे काय खिंडीत?

झीसीस : माझी देवळी.

लाम्ब्रोस : ती होय. खांबावरची लोखंडी पेटी. काच फुटली असेल, आत पाकोळ्यांनी घरटं केलं असेल. त्यासाठी एवढा जीव धोक्यात?

झीसीस : त्या वळणावरनं माझा ट्रक लाकडासकट खाली गेला. मी वाचलो. आर्गिरोनं नवस बोलला होता, तिनं देवळी बसवली. म्हणजे माझीच ना?

लाम्ब्रोस : तुझीच. कुणी नाही म्हटलंय? पण इतकी वर्षं तुला तिची आठवण कुठं होती? तुझी बायको दर वर्षी संतीण आया पारास्केवीच्या सणाला तेलाची बाटली घेऊन एकटी वर जायची. आणि तू इथं माझ्यासमोर पत्ते पिसत म्हणायचास, मी धडधडीत जिवंत आहे, माझ्यासाठी दिवा कशाला.

झीसीस : म्हणायचो.

लाम्ब्रोस : आणि मी हसायचो. दोघंही हसायचो. मग आता काय झालं?

झीसीस : दिवा तेवतोय, लाम्ब्रोस.

लाम्ब्रोस : कुठला?

झीसीस : खिंडीतला. परवा कॉफीच्या अड्ड्यावर एक पोरगी थांबली होती. लारिसा शहरातली. लांब वेणी, अंगभर चिखल, तुमच्या क्लबचं जाकीट. खिंडीतनं आलीस का विचारलं, हो म्हणाली. मग सहजच विचारलं, वळणावर एक देवळी होती, आहे का गेली पुरात? म्हणाली, आहे, आणि दिवा नेहमी लावलेला असतो. नेहमी, म्हणाली.

लाम्ब्रोस : आणखी काय म्हणाली?

झीसीस : आणखी काय म्हणणार? मला इतकं बरं वाटलं, मी तिला त्सिपुरो दारूचा पेला सांगितला. पहिला घोट बाईनं जमिनीवर सांडला. आजकालच्या पोरांना पेला धरता येत नाही.

लाम्ब्रोस : सांडला काय? हं. चल ऊठ, उतारावरचा ब्रेक शिकवतो तुला.

झीसीस : थांब. तूच सांग, दुसरं कोण लावणार? घर सोडून गेली, सात वर्षं झाली, फोन उचलत नाही. पण कारियात तिची आई आहे. तिथनं खिंडीत पायवाट येते, ती पुरात गेलेली नाही, मी मेंढपाळांना विचारलं. आता राहते त्या व्होलोसहून येत असणार, चढत असणार, तेल घालून परत जात असणार. बोलायचं नाही, पण दिवा लावायचा. आर्गिरो अशीच आहे.

लाम्ब्रोस : आर्गिरो कशी आहे ते सोड. तुझा बेत काय आहे ते बोल.

झीसीस : सोमवारी ती सणाला आईकडे असते. मी तिच्या दारात जाणार. पण बसनं उतरून नाही. खिंडीतनं, त्या वाटेनं, देवळीपुढं उभा राहून. म्हणजे तिला सांगता येईल, बघून आलो. उशिरा का होईना, बघून आलो. चल घरी.

लाम्ब्रोस : आणि ती चल म्हणेल.

झीसीस : घराला चुना दिलाय. पलंगाची तिची बाजू खचली होती, नवी गादी आणली.

लाम्ब्रोस : गादी आणलीस.

झीसीस : हो. आता हसू नकोस.

लाम्ब्रोस : हसत नाहीये रे बाबा. तोंडच तसं आहे माझं.

एवांथिया : कॉफी आणलीये. सोबत पालकाची पिटा आहे, गरम आहे तोवर खा. झीसीस, हातमोजे काढ आधी. माझ्या नवऱ्यानं शिकवलं तर गाडी येईल का नाही सांगता येत नाही, हात मात्र आयुष्यभर काळे राहतील.

झीसीस : एवांथिया, साखर राहिली यात.

एवांथिया : राहिली नाही. मुद्दाम घातली नाही. बिनसाखरेची कॉफी आपल्यात कधी पाजतात?

झीसीस : कुणाचं मयत झालं की.

एवांथिया : तुझ्या कुंबारोला विचार कुणाचं झालंय.

लाम्ब्रोस : एवांथिया, तू आत जा.

एवांथिया : आत होतेच. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी आहे. गादीपर्यंत सगळं ऐकलं. गादीनंतर मला ऐकवेना. सांग त्याला.

झीसीस : काय सांग? गाडीचे ब्रेक गेलेत ना? मला वाटलंच होतं, मागचं पायडल दाबलं की नुसतं कण्हतं.

लाम्ब्रोस : ब्रेक उत्तम आहेत. ब्रेकपायीच तर सगळं झालं.

झीसीस : म्हणजे?

लाम्ब्रोस : खा ना ती पिटा.

झीसीस : लाम्ब्रोस.

लाम्ब्रोस : सांगतो. नीट ऐक आणि मध्ये उठू नकोस. पुराच्या आधीच्या वसंतात क्लबात नवी पोरं आली. लारिसाची, त्रिकालाची. गाड्या अशा हाकायची, जशी काही मागं कुत्री लागलीत. त्या वळणावर तर कुणी हळूच होईना. मी ओरडलो. पाटी लावली, शिकाऱ्यांनी पाटीत छर्रे घातले. शेवटी एक दिवस सगळ्यांना देवळीपाशी थांबवलं. हेल्मेट काढलं, खाली बघितलं, आणि म्हटलं, पोरांनो, इथं माझा कुंबारो गेला.

झीसीस : कुठला कुंबारो?

लाम्ब्रोस : माझे काय दहा आहेत?

झीसीस : मी?

लाम्ब्रोस : त्यांची तोंडं बघायला हवी होतीस तू. ताठ मानेनं आलेली सगळी, एकेकानं इंजिन बंद केलं. मग मला पण चेव आला. म्हटलं, ट्रक घेऊन येत होता, वाटेत गाभण शेळी आडवी आली, तिला वाचवायला गेला आणि स्वतः दरीत गेला. शेळीला पुढं तीन पिल्लं झाली.

झीसीस : शेळी नव्हती. मला झोप लागली होती.

लाम्ब्रोस : झोपेत गेलेल्यासाठी कोण ब्रेक दाबतं? शेळी लागतेच. आणि चाललं की ते. तेव्हापासून त्या वळणावर सगळी अशी जातात, जशी काय अंगठ्यावर चालतायत. कुणाचं नखसुद्धा मोडलेलं नाही तिथं. मी शिकवलं नाही, पण त्यांनीच सुरू केलं. दर फेरीला एकजण तेल नेतो. दिवा भरतात, वात नीट करतात, छातीवर क्रॉस काढतात. आणि खाली आल्यावर पहिला घोट जमिनीवर. तुझ्या नावानं.

झीसीस : ती पोरगी.

लाम्ब्रोस : एलेक्त्रा. तिचं मन फार मऊ आहे. शेळीचं ऐकून ती तर रडलीच होती.

झीसीस : माझ्यासमोर बसून माझ्या नावानं जमिनीवर ओतली. आणि मी तिला पेला धरायला शिकवत होतो.

लाम्ब्रोस : बघ, तुलापण हसू येतंय.

झीसीस : येत नाहीये. एक सांग. देवळीत संतिणीची तसबीर आहे. वाचलेल्याची देवळी तशीच असते. मेलेल्याच्या देवळीत फोटो असतो. पोरं शहरातली असली तरी एवढं त्यांना कळतं. नुसत्या तुझ्या तोंडावर विश्वास ठेवला?

लाम्ब्रोस : फोटो आहे.

झीसीस : कुणाचा?

लाम्ब्रोस : तुझाच. पुढच्या खेपेला नेऊन ठेवला. मिशीवाला, भरघोस केसांचा. म्हणून तर एलेक्त्रानं ओळखलं नाही तुला.

झीसीस : माझा मिशीचा एकच फोटो आहे. लग्नातला. तुझ्याकडे आहे, तिघांचा.

लाम्ब्रोस : तोच.

झीसीस : त्यात मध्ये आर्गिरो आहे.

लाम्ब्रोस : कापली.

एवांथिया : माझ्या कात्रीनं. फळीवरच्या फ्रेममधनं फोटो काढला, स्वतःला कापलं, तिला कापलं, आणि कात्री परत जागेवर ठेवली. मी दोन महिने फ्रेम शोधत होते.

लाम्ब्रोस : एका गमतीचं किती करायचं? वाईट झालं का काही? पोरं जिवंत आहेत, दिवा तेवतोय. मी एवढंच म्हणत होतो की शनिवारी याला बरोबर नेऊन पोरांपुढं उभा कसा करू? म्हणून जत्रेला बसनं जा म्हटलं. बस्स.

झीसीस : म्हणजे दिवा ती पोरं लावतात.

लाम्ब्रोस : पोरं लावतात.

झीसीस : आर्गिरो येतच नाही.

लाम्ब्रोस : ते मला काय माहीत? येतही असेल. एखादवेळी ती लावते, एखादवेळी पोरं. तेलावर काय नाव लिहिलेलं असतं?

एवांथिया : येत होती.

लाम्ब्रोस : कोण?

एवांथिया : आर्गिरो. घर सोडून गेल्यावरही येत होती. दर वर्षी, व्होलोसहून, आया पारास्केवीला. तुझा अंदाज खरा होता झीसीस. फक्त दोन वर्षं जुना आहे.

लाम्ब्रोस : तुला कसं कळलं? मला कधी बोलली नाहीस.

एवांथिया : तुला बोलले असते तर तू त्याचीही गोष्ट केली असतीस. वर एक शेळी घालून.

झीसीस : एवांथिया, नीट सांग.

एवांथिया : यानं फोटो ठेवला त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. पूर पुढं सप्टेंबरात आला. सणाच्या दिवशी दुपारी फोन वाजला. आधी नुसता वारा ऐकू येत होता. मग म्हणाली, एवांथिया, कधी गेला गं? मी म्हटलं, कोण? म्हणाली, मला कुणी कळवलंही नाही. चाळीस दिवस झाले का? गहू शिजवले का कुणी त्याच्या नावानं, का तेही राहिलं? माझ्या डोक्यात काही शिरेना. मी विचारलं, आर्गिरो, तू आहेस कुठं? म्हणाली, खिंडीत. फोटोसमोर बसलीये. कुणीतरी मला कापून काढलंय, पण नीट कापता आलेलं नाही. माझा खांदा राहिलाय त्यात.

झीसीस : खांदा.

एवांथिया : पांढरा. लेस लावलेला. तो मीच शिवला होता.

लाम्ब्रोस : मला वाटलं ती काचेवरची चमक आहे.

एवांथिया : मी तिला सांगितलं. जिवंत आहे म्हटलं, सकाळीच रस्त्यात भेटला, टोमॅटोची रोपं नेत होता. हा सगळा माझ्या नवऱ्याचा चावटपणा. मला वाटलं शिव्या घालेल, नाहीतर सुटकेचा श्वास टाकेल. ती म्हणाली, मी इथं बसून रडले गं. सगळं रडले. त्यानं ट्रकमध्ये मरायला हवं होतं का इथपासून, तो घरी आला तो मुका होऊन का आला इथपर्यंत. त्याच्याबरोबर राहून रडता आलं नव्हतं, सोडून जाऊन नव्हतं आलं, ते सगळं आज झालं. आणि आता तू म्हणतेस आहे.

झीसीस : पुढं?

एवांथिया : पुढं म्हणाली, असू दे. पण माझ्यासाठी त्याला परत जिवंत करू नका. माझी पुन्हा तेवढी ताकद नाही. ज्यानं फोटो ठेवला त्यानं दिवा लावावा.

लाम्ब्रोस : एवांथिया.

एवांथिया : त्याच्याआधी महिन्यातनं एकदा तरी फोन यायचा तिचा. इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि ठेवता ठेवता, त्याची कंबर कशी आहे? जेवतो का नीट? थंडीत लाकडं कोण फोडून देतं? तुला सांगू नको म्हणायची, म्हणून सांगितलं नाही. त्या दिवसानंतर फोन येतो अजून. तुझं नाव येत नाही.

झीसीस : कंबर विचारायची.

एवांथिया : दर वेळी.

लाम्ब्रोस : मी जातो तिच्याकडे. आत्ता निघतो. माझ्यामुळं झालं, मी तिच्या पायरीवर बसतो, तिला सांगतो की बाई, गंमत होती, माझ्यावर थुंक हवं तर. फोटो काढून जाळतो. पोरांना खरं सांगतो. मी कारियात सगळ्यांसमोर...

झीसीस : बस खाली.

लाम्ब्रोस : कुंबारे, मला ठाऊक असतं तर...

झीसीस : तुला ठाऊक असतं तर तू अजून चांगली शेळी शोधली असतीस. बस. कॉफी पी. बिनसाखरेची आहे.

एवांथिया : तिच्या दारात जाऊ नकोस झीसीस. सोमवारी ती असेल. आईच्या शेजारी बसलेली असेल. पण जाऊ नकोस.

झीसीस : मेलेला माणूस दारात जात नाही. घाबरवायचं कशाला तिला?

एवांथिया : असं बोलू नकोस रे.

झीसीस : मी आणलेली गादी तुम्ही ठेवा. तुमची तरी कंबर धड राहू दे. लाम्ब्रोस, पोरं त्या वळणावर खरंच हळू होतात?

लाम्ब्रोस : खरंच. आईशप्पथ.

झीसीस : मग फोटो काढू नकोस. वळण वाईट आहे. मला माहिती आहे किती वाईट आहे.

लाम्ब्रोस : नाही काढत.

झीसीस : आणि त्यांना खरं सांगू नकोस. शनिवारी निघायचं किती वाजता?

लाम्ब्रोस : शनिवारी? तू कशाला आता? घरी पड दोन दिवस. मीही जात नाही, इथंच बसू, पत्ते खेळू.

झीसीस : पत्ते खूप खेळलो. माझ्यासाठी इतकी वर्षं कुणी ना कुणी दिवा लावतंय, आणि मी तो एकदाही बघितला नाही. बघून येतो. कारियात उतरणार नाही. तुम्ही पुढं जा, मी खिंडीतनं मागं फिरेन.

लाम्ब्रोस : एकटा? उतारावर?

झीसीस : म्हणून म्हणतो, उतारावरचा ब्रेक दाखव. आधी बाजूला हो. ही उभी करू दे.

एवांथिया : हात लाव त्याला, लाम्ब्रोस.

झीसीस : नको. कायदा आहे त्यांचा. पाठ गाडीला. एक हात हँडलला. एक सीटखाली. हं. हं... बघ.

लाम्ब्रोस : उचललीस की.

झीसीस : उचलली. स्टँड कुठल्या बाजूला आहे? डाव्या?

लाम्ब्रोस : डाव्या. झीसीस, पोरांना तुझी ओळख काय करून देऊ? नाव सांगितलं तर एलेक्त्रा तिथंच बेशुद्ध पडेल.

झीसीस : भाऊ सांग. मयताचा भाऊ.

लाम्ब्रोस : मग एकेकजण येईल, हेल्मेट काढेल, हात हातात घेईल. 'आयुष्य तुम्हाला लाभो' म्हणतील, मयताच्या घरच्यांना म्हणतात तसं. सगळे म्हणतील. तू काय करशील?

झीसीस : म्हणू देत. लाभेल तेवढं लाभेल.

लाम्ब्रोस : आणि विचारतील. पोरं आहेत, विचारणारच. कसा होता हो तुमचा भाऊ?

झीसीस : सांगेन, मला काही तो नीटसा कळला नाही. त्याच्या बायकोला कळला होता. तिचा खांदा आहे बघा फोटोत.